कर्णा वाजेपर्यंत

६ नोव्हेंबर, शनिवार

बंदूक सव्वाचारशे डॉलरला पडली, असं मी बायकोला, डेलोरिसला, सांगितलंय. खरा हिशेब असा: बंदूक ४२५, नळीच्या तोंडात बसवायचा चोक ६०, निशाण तपासण्यात उडवलेली काडतुसं १३५, उजव्या खांद्याचं मलम ८, आणि छर्रे कुठं बसतात ते पाहायला अंगणात ताणलेली डेलोरिसची चांगली चादर. तिची किंमत अजून कळायचीय. बायको मोघमात म्हणाली की वसूल करीन.

पण काम चोख झालंय. चाळीस पावलांवरून नऊच्या नऊ छर्रे जेवणाच्या ताटाएवढ्या गोलात. सॅलकीहॅचीच्या दलदलीत दुसरं काही चालत नाही. जाळी इतकी दाट की हरीण दिसतं ते दोन उड्यांपुरतं. एकुलती एक गोळी पहिल्या वेलीला लागून भलतीकडं जाते. नऊ छर्रे टाकले तर चारपाच तरी पार होतात.

आज शिकारी क्लबात पहिला दिवस. माझ्या बापानं इथं एकोणीस वर्षं कुत्री हाकली आणि जेवण मागच्या पायरीवर बसून जेवला. मी आत टेबलाशी बसलो आणि मांसाच्या घट्ट रश्शाचा हॅश-भात दोनदा मागून घेतला. मी सेप्टिक टँक उपसून तीन गाड्या उभ्या केलेला माणूस. शेजारच्यानं खुर्ची जरा सरकवली, ती जागेसाठी की वासाच्या धास्तीनं, देव जाणे. मी त्याला म्हटलं, आज आंघोळ केलीय.

शिकारप्रमुख हॉइट ग्रूम्स यांनी नियम सांगितले. नव्या माणसानं पहिल्या हंगामात, म्हणजे एक जानेवारीपर्यंत, आपल्या ठाण्यावरून, म्हणजे नेमून दिलेल्या जागेवरून, एक नर पाडायचा. नाही पाडला तर त्याला ठेवायचं की नाही यावर मत घेतात. मत म्हणजे काय ते मला कळतं. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचा मागचा पदर कापून, नाव-तारीख घालून भिंतीवर ठोकायचा. आणि कुत्र्यांचा हाका संपल्याचा कर्णा वाजेपर्यंत कुणी ठाणं सोडायचं नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. स्वतः ते बंदूक घेत नाहीत, नुसता कर्णा. मोठ्या माणसाचा रुबाब.

भिंतीवर शंभरेक पदर. एकावर नाव नाही, नऊ भोकं आहेत. विचारलं तर हॉइट म्हणाले, कसर. कसर इतकी गोल खात नाही.

कुत्री हाकायला एझेल काका. बापाचे सोबती, ऐंशीला टेकलेले. कुत्री बारा. मी पैज मारली: दोन शनिवार द्या, डोळे मिटून बाराही आवाजांवरून ओळखतो. पंपाचा आवाज ऐकून आत काय अडकलंय ते सांगणारे कान आहेत हे. काका म्हणाले की बापासारखाच बडबड्या आहेस, पोरा.

मला सातवं ठाणं मिळालं. कर्णा वाजेपर्यंत दुसरा उद्योग नाही, म्हणून ही वही.

१३ नोव्हेंबर

ठाणं म्हणजे लाकडी खोका आणि समोर गाड्या जाण्याएवढी कापलेली वाट. वाटेपलीकडं जाळी. उजवीकडं चाळीस पावलांवर आठवं ठाणं, ते रिकामंच ठेवतात.

नऊ वाजता कुत्री माझ्याकडं वळली. आठव्या ठाण्याकडं नर बाहेर आला, तीस पावलं, आडवा. शांतपणे झाडली. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि चालत आत गेला. चालत. ना रक्त, ना केस.

शर्ट कापला. आनंदानं कापला. शेजारचा म्हणाला की सेप्टिकवाल्याला भोकं पाडायची सवय नाही, बुजवायची आहे. हसलो. चौकड्यांचा शर्ट नवा होता.

२० नोव्हेंबर

चोक फार अरुंद असला तर मोठे छर्रे नळीत घासून वेडेवाकडे होतात, असं दुकानदार म्हणाला. मोकळा चोक घेतला. पंचवीस पावलं. तोच नर. चुकला.

गुडघ्यांवर बसून पलीकडचं एकेक झाड तपासलं. नऊ छर्रे कुठंतरी जायला हवेत ना? एका पानाला ओरखडा नाही.

दुसरा पदर ठोकायला भिंतीशी गेलो तर माझ्या पहिल्या पदराला भोकं. मोजली. नऊ. मी सगळ्यांना म्हटलं, गंमत चांगली आहे, आता पुरे. कुणी हसलं नाही, त्याचाच जास्त राग आला.

२७ नोव्हेंबर

बारीक छर्रे, सोळांचं काडतूस. घरी चादरीवर सोळाच्या सोळा. दलदलीत शून्य. चादर हलत नाही, असं डेलोरिसनं सांगितलं. मी जेवण टाकून उठलो, हे बरं केलं नाही.

भिंतीवर दुसऱ्या पदराला नऊ भोकं होती. आजचा पदर मी माझ्या हातानं ठोकला. कॉफी घेतली आणि निघताना वळून पाहिलं. सोळा भोकं. खोलीत हॉइट आणि मी, दोघंच. ते खिडकीबाहेर बघत होते.

बंदूक बदलू? डोळे तपासू? काय बिघडलंय ते कळलं तर दुरुस्त करता येतं. कळतच नाही, हे सगळ्यात वाईट.

४ डिसेंबर

आवाज बाराही पाठ झाले. पण आज तेरा होते. तेरावं जुनं, घसा फाटलेलं. बाकीच्यांच्या मागं एकटं येतं.

काकांना विचारलं. त्यांनी पिंजऱ्यातली कुत्री मोजून दाखवली, बारा. मी हट्टानं त्या आवाजाची नक्कल केली. काकांच्या हातातली कडी खाली पडली. मग पिंजऱ्याआड नेऊन सांगितलं. सातव्या ठाण्यावर आधी वेंडेल क्रिब नावाचा माणूस होता. त्याचेही असेच नेम हुकत. एका शनिवारी एकदाचा लागला. रक्त दिसलं तसा कर्णा वाजायच्या आधीच जाळीत उतरला. अंगात तपकिरी कोट. आठव्या ठाण्यावरच्या माणसाला तपकिरी काहीतरी हललेलं दिसलं. त्यानं झाडली, नऊच्या नऊ छर्रे वेंडेलला लागले, तो जागीच गेला. वेंडेलची कुत्री, बेल, त्याच्याजवळून हलली नाही. नंतर कुणालाच सापडली नाही.

आठव्यावर कोण होतं, ते विचारायची गरज पडली नाही. ज्या माणसाच्या हातात आता नुसता कर्णा असतो, तो.

काका म्हणाले की पोरा, वर्गणी परत माग आणि टेबलाचा नाद सोड. तुझ्या बापाला त्या पायरीचं दुःख नव्हतं, तुलाच आहे.

मला आहे. म्हणून तर.

११ डिसेंबर

चुकला.

बेल आज जवळ आली. वाटेपलीकडं थांबून भुंकली. मग ती थांबली आणि जाळीत माणसाची पावलं. मी खोक्यावरून उठलो की थांबायची. बसलो की चालू.

काय हवंय त्या वेंडेलला? जागा हवी असेल तर घे म्हणावं, पण एक नर पडू दे. एकच.

१८ डिसेंबर

चुकला. पदर पाच झाले. हॉइटनी आज स्वतः कापला. कानाशी पुटपुटले की एक तारखेला मत मी तुझ्या बाजूनं देईन, तू येऊ नकोस. मी म्हटलं, मला मत नको. हरीण पाडून बसेन.

त्यांना वाटलं मी घमेंडखोर आहे. असेन.

१ जानेवारी, सकाळी ६.५०

शेवटचा दिवस. डेलोरिसनं जाताना बोलणं टाळलं, पण चवळीभात आणि पाला चुलीवर चढवला, वर्ष चांगलं जावं म्हणून. बापाचा तपकिरी कोट घातलाय. त्याला यातलं काही दिसावं म्हणून.

धुकं. आठवं ठाणं दिसत नाही. थेट घरून ठाण्यावर आलो, क्लबात डोकावलो नाही. तोंडं बघायची नव्हती.

८.१०

कुत्री सुटली. आवाजावरून पुढं ट्रिगर, मग जुनी डॉली, मग दोघं भाऊ. नीट माझ्याकडं. सगळ्यांत मागं ती, बेल.

८.४०

लागला. लागला. वीस पावलं, नर खाली बसला आणि उठून जाळीत शिरला. वाटेवर रक्त. हाताला लावून पाहिलं, गरम आहे. भुंकणं बंद.

कर्णा वाजेना. वाट पाहतोय. रक्त चिखलात मुरतंय, अजून पाच मिनिटांत माग राहणार नाही. मत दुपारी आहे.

वाजेना.

९.०५

साठ पावलं आत. थेंब होते, आता नाहीत. उकिडवा बसून लिहितोय. वेलीत काटे, कोट फाटला. नर नाही. जिथं तो पडायला हवा तिथं कुत्र्याची हाडं, आणि गळ्याचा पट्टा —

मागून पावलं. मी थांबलो की थांबत नाहीत आता.

फोनला इथं रेंज आली. हॉइटचा निरोप, सव्वासातचा, आत्ता पोचला. धुक्यामुळं हाका रद्द. ठाण्यांवर कुणी नाही, सगळे क्लबात न्याहारीला बसतायत, तुझं ताट टेबलावर वाढलंय. ठाण्यावर असलास तर हलू नकोस, मी कर्णा वाजवत न्यायला येतो.

कर्णा वाजला. फार लांब. वाटेच्या दुसऱ्या टोकाला.

आठव्या ठाण्याकडं खटका सरकला. बंदुकीचा खटका मला ओळखू येतो. चाळीस पावलं. कोट काढतोय, बाही अडकली —

निरोपाची शेवटची ओळ आत्ता वाचली. एझेल काकांनी आज पिंजरा उघडलेलाच नाही. बाराही कुत्री सकाळपासून आत झोपलीयत. मग तासभर मी नावानिशी कुणाचे आवाज —