पी. ओ. बॉक्सप्रमाणे सीमा

शनिवार, १ मे २००४. दुपार.

प्रथम क्षमायाचना. ज्यांच्या आयुष्यात काही घडते त्यांनीच रोजनिशी लिहावी, असे माझे मत होते व आहे. माझ्या आयुष्यात आजवर एकच गोष्ट घडली: मराठी माध्यमातून दहावीला जिल्ह्यात पहिला क्रमांक. तिलाही नऊ वर्षे झाली. तरीही ही वही उघडण्याचे धाडस करीत आहे, कारण काल दुसरी गोष्ट घडली.

काल येथील मराठी मंडळाचा महाराष्ट्र दिन झाला. (येथे दुबईत सुट्टी शुक्रवारी, म्हणून महाराष्ट्र एक दिवस आधी स्थापन होतो.) अध्यक्ष धनंजयसरांनी तीनशे माणसांदेखत मला उभे केले. म्हणाले, ही आपल्या सुरेशची बहीण समिधा, भूगोलात एम. ए., पहिला वर्ग. मंडळाच्या विभागांच्या नव्या सीमा हीच आखणार. मी होकार दिला. खरे पाहता मी काहीच बोलले नाही; परंतु आमच्या मंडळात तो होकारच धरतात.

विभाग चार: दुबई, शारजा, रास अल खैमा आणि सोनापूर, म्हणजे मुहैस्नाहचे कामगार कॅम्प. प्रत्येक विभागाचा एक प्रतिनिधी कार्यकारिणीत बसतो. सीमा १९९९ साली दहा वर्षांसाठी ठरल्या होत्या. मग २००४ मध्येच, निवडणूक पाच आठवड्यांवर आलेली असताना, त्या का बदलायच्या, हे मला विचारायचे होते. सर आपणहून म्हणाले, भारतातही मतदारसंघांची पुनर्रचना सुरू आहे, आपण मागे का राहायचे? यल्ला, लागा कामाला!

संकल्प: काम निर्भयपणे आणि शास्त्रशुद्ध करणे.

सोमवार, ३ मे

नकाशा पसरला. अडचण अशी की या देशात घराला पत्ता नाही. अमुक मशिदीमागे, तमुक सुपरमार्केटच्या वर, असे सांगावे लागते. सभासद-यादीतही कोणी "ब्रिजजवळ" लिहिले आहे, कोणी काहीच नाही. मात्र पी. ओ. बॉक्स प्रत्येकाने लिहिला आहे, कारण पत्रे तेथेच येतात.

विभावरीवहिनी म्हणाली, एवढा नकाशा पसरलास, आता जेवण कुठे वाढू, ओमानच्या समुद्रात?

गुरुवार, ६ मे

आज मला कल्पना सुचली. विभाग राहत्या जागेवरून न ठरवता पी. ओ. बॉक्सवरून ठरवावा! एकच निकष, लेखी, वादातीत. धनंजयसरांना फोनवर सांगितले. आवाज कापत होता, तो उत्साहामुळे. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, समिधा, तू हिरा आहेस. आजवर मला असे कोणी म्हटले नव्हते. दिवसभर काम सुचले नाही.

शुक्रवार, ७ मे

कार्यकारिणीने मसुदा दहा मिनिटांत मान्य केला. सोनापूरचे प्रतिनिधी रामचंद्र गैरहजर. त्यांना शुक्रवारी ओव्हरटाइम होता. सरांनी जाहीर केले की हरकत असल्यास लेखी द्यावी, शुक्रवार २१ मे रोजी सकाळी दहापर्यंत चिटणीस प्रमिलाताईंच्या हाती. दहानंतर खलास. प्रमिलाताई आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात. आम्ही नवव्या.

नवी यादी सुवाच्य अक्षरात मी लिहावी, असे ठरले.

मंगळवार, ११ मे. सकाळ.

यादी लिहिताना हात थांबला.

सोनापूर कॅम्पमध्ये आमचे १४६ सभासद आहेत. त्यांचे पी. ओ. बॉक्स त्यांचे नाहीत, कंपन्यांचे आहेत. एका कंपनीचा बॉक्स दुबईत, दुसरीचा शारजात, तिसरीचा, म्हणजे सिमेंटवाल्यांचा, रास अल खैमात. त्यामुळे माझ्या शास्त्रशुद्ध निकषाने ५८ माणसे दुबईत गेली, ५१ शारजात, ३७ रास अल खैमात. सोनापूर विभागात उरले शून्य. शून्याला प्रतिनिधी नसतो.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची वाळत घातलेले निळे कपडे दिसतात. त्यांतली सदतीस माणसे मी शंभर किलोमीटर दूर नेऊन ठेवली आहेत.

पुन्हा मोजले. तितकीच.

सायंकाळ. ही केवळ तांत्रिक त्रुटी आहे. सरांच्या लक्षात आली नसावी. उद्या सांगेन.

बुधवार, १२ मे

फोनवर सांगितले. सर हसले. म्हणाले, अगं, लक्षात आली म्हणूनच तर तुला हिरा म्हटले.

मग समजावून सांगितले. गेल्या वर्षी कॅम्पमधला एक सुतार वारला. कंपनीचा कागद, पोलिसांचा कागद, कॉन्सुलेटचा कागद, यांत त्याचा देह एकोणीस दिवस शवागारात राहिला. तेव्हा रामचंद्रांनी आपल्या एकमेव जागेवरून ठराव रेटून नेला: असा प्रसंग आल्यास कार्यकारिणीतला एक जण रजा घेऊन कागदांमागे धावेल. तेव्हापासून कोणालाही पाच दिवसांहून अधिक थांबावे लागलेले नाही. सर म्हणाले, आपले मंडळ सांस्कृतिक आहे, शववाहिका नव्हे. नव्या कार्यकारिणीत हा ठराव गुंडाळू. शेवटी विचारले, सुरेशचे कसे चालले आहे?

दादा सरांच्या हाताखाली काम करतो. माझा व्हिसा दादाच्या सहीवर, दादाचा सरांच्या. मी म्हणाले, छान चालले आहे.

मी घाबरले नाही. हातातला फोन घामाने निसटला, तो उकाड्यामुळे. (एसी चालू होता.) रात्री यादी पूर्ण केली; ती उद्या चारही विभागांत वाटणार आहेत.

शुक्रवार, १४ मे

दुपारी बेल वाजली. भिंगातून पाहिले: रामचंद्र. मी न्हाणीघरात गेले. बाहेरून सृष्टी, माझी सहा वर्षांची भाची, मोठ्याने म्हणाली, आत्या, व्हाय आर यू हायडिंग? आवाज थेट दिवाणखान्यात गेला असणार.

बाहेर यावे लागले. रामचंद्र सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते, जणू सोफा दुसऱ्या कोणाचा राखीव आहे. पन्नाशीचे, गुहागरचे, सळई बांधतात. बोटे सळईसारखीच झाली आहेत. ते रागावतील अशी माझी तयारी होती. ते म्हणाले, ताई, यादीतलं अक्षर बघितलं, देवानं लिहिल्यासारखं. आमच्या रूमवर सगळ्यांनी बघितलं. फक्त एक विचारायचं होतं. आमच्या एका खोलीत आठ बंक. वरचे चौघे रास अल खैमात, खालचे तिघे शारजात, आणि मी एकटा दुबईत. तर रात्री माझ्या वर झोपतो तो पासपोर्ट घेऊन झोपू काय?

ते हसले, वहिनी हसली. मीही हसले. मग ते हसायचे थांबले, म्हणून आम्हीही थांबलो.

म्हणाले, सदतीस जणांना मत द्यायला रास अल खैमाला जावं लागेल. शुक्रवारी कोण नेणार, आणि कॅम्पचं गेट बंद व्हायच्या आत कोण आणणार? माझी जागा गेली तर गेली, ताई. पण तो सुतार माझ्या बाजूच्या बंकवर होता. एकोणीस दिवस त्याची बायको रोज फोन करायची, आणि मी रोज सांगायचो, उद्या. पुढचा कोणी असेल त्याच्या बायकोला कोण सांगेल?

शेवटी म्हणाले, नकाशा तुमचा. तुम्हीच हरकत लिहिलीत तर सभेला वाचावीच लागेल. आमचं कोण वाचतंय? आणि लिहिलीत तर खाली तारीख आणि टाइम टाका. साइटवर आम्ही तसंच करतो. तारीख-टाइम नसलेली तक्रार म्हणजे नुसतं बोलणं.

चहा न घेता गेले. कप तसाच.

शनिवार, १५ मे

अढळ संकल्प: हरकत लिहिणार. स्वतःच्या सहीने. आजच.

पहिला मसुदा: चार पाने. प्रस्तावना जरा लांबली.

सोमवार, १७ मे

तिसरा मसुदा. "अन्याय" हा शब्द कठोर वाटला, "विसंगती" केला. नंतर "संभाव्य विसंगती". प्रमिलाताईंना सकाळी द्यायचा होता, परंतु सकाळी त्या घाईत असतात. सायंकाळी थकलेल्या असतात. हे भय नव्हे. यास विचारपूर्वक विलंब म्हणतात.

दादा जेवताना म्हणाला की सरांनी आज विनाकारण केबिनमध्ये बोलावले, बहीण खूश आहे ना, असे विचारले, आणि पाठवून दिले. त्याला गंमत वाटली. मी ताट बाजूला सारले. वहिनीला सांगितले, भाजी तिखट आहे. ती म्हणाली, दुधीची आहे.

बुधवार, १९ मे

सातवा मसुदा. एकच पान. निकष चुकीचा असून तो माझा आहे. कॅम्पमधील सभासद जेथे राहतात तेथेच त्यांचा विभाग असावा. सीमा २००९ पर्यंत जुन्याच ठेवाव्यात. वाचून मलाच धीर आला. इतके स्वच्छ मी परीक्षेतही लिहिले नव्हते. सही केली. सही थोडी लहान आली.

सायंकाळी सहाला जिन्याने चौथ्या मजल्यावर गेले (लिफ्टमध्ये कोणी भेटते). प्रमिलाताईंच्या दाराशी चपलांच्या रांगेत एक पुरुषी बुटांचा जोड होता, तपकिरी, टोकदार. असे बूट मंडळात एकच व्यक्ती घालते. आतून सरांचे हसणे ऐकू आले. मी दाराखालून पाकीट सरकवण्यासाठी वाकले. वाकलेलीच राहिले. पाकीट अर्धे आत गेले होते. मग ते बाहेर ओढून घेतले.

पाच मजले चढताना श्वास लागला. व्यायामाचा अभाव.

उद्याचा दिवस आहे. उद्या सरळ हातात देईन.

गुरुवार, २० मे. दुपारी तीन.

रामचंद्रांचा फोन, साइटवरून, मागे ड्रिलचा आवाज. मी ओरडून सांगितले की हरकत लिहिली आहे. ते ओरडून म्हणाले, काय? मी पुन्हा ओरडले. ते म्हणाले, ताई, रूमवर सांगतो. रात्री पोरं झोपतील.

आता माघार नाही.

सायंकाळी सात.

पाठवले. अत्यंत हलके वाटते आहे.

चौथ्या मजल्यावर गेले होते. बूट नव्हते. बेलवर बोटही ठेवले होते. परंतु तेव्हाच विचार आला की घाईने दारात कागद हाती देणे हे अनौपचारिक दिसते. अधिकृत हरकत अधिकृत मार्गानेच जावी. संस्थेचा अधिकृत पत्ता कोणता? संस्थेचा पी. ओ. बॉक्स. हा तर माझाच निकष! टॅक्सी करून पोस्टात गेले. खिडकीवरचे मुनीरभाई शटर ओढतच होते. रजिस्टर केले. पावती घेतली. ते म्हणाले, कल तो छुट्टी है, शनिवार को बॉक्स में पडेगा इन्शाल्ला, चलेगा? माझ्यामागे रांग होती. मी म्हणाले, चलेगा.

बॉक्सची किल्ली धनंजयसरांकडे असते. ते शनिवारी सायंकाळी उघडतात. हरकती उद्या सकाळी दहापर्यंत.

प्रमिलाताईंचे दार येथून पाच मजले खाली आहे. उद्या सकाळी दहापर्यंत कितीतरी तास आहेत, आणि हरकतीची प्रत माझ्या टेबलावर आहे. तथापि एकच हरकत दोन मार्गांनी पाठवणे नियमबाह्य ठरू शकते.

स्वयंपाकघरात वहिनीने विचारले, खिडकी का लावून घेतलीस? मी म्हणाले, धूळ येते.

हरकत लेखी आहे. सही आहे. रामचंद्रांनी सांगितल्याप्रमाणे खाली लिहिले आहे, येथेही लिहिते:

पाठवले: गुरुवार, दिनांक २० मे २००४, सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी.