कौसाबाईंच्या फ्लेक्सबाबत

सोमवार, ६ जानेवारी २०२५. सकाळी ९ वाजून २० मिनिटं.

माझ्या फ्लेक्सला कोणीतरी झेंडूचा हार घातला आहे, हे याच वेळी माझ्या लक्षात आलं. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं, तक्रारीला वेळ नसेल तर तक्रार टिकत नाही.

फ्लेक्स कालच लागले. एक बरोबर माझ्या गॅलरीसमोर. आमच्या संस्थेच्या रात्रनिवाऱ्यातल्या कौसाबाईंचा चेहरा, ब्लॅक अँड व्हाइट, भोवती पांढरी पट्टी. वर, 'यांना विसरू नका.' खाली, 'विनीत : ममता जवरीलाल कांकरिया, निधी संकलन व लोकसंपर्क प्रमुख', आणि माझा मोबाइल नंबर. पुढाऱ्यांची मुंडकी नाहीत, गुलाब नाहीत, सोनेरी महिरप नाही. शहाद्यात इतका सुसंस्कृत फ्लेक्स आजवर लागलेला नाही.

छापणारा माझा भाचा महावीर. तो म्हणाला होता, "भुआसा, म्हारी मानो, कलर करो." मी त्याला सांगितलं, नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नडेटनी आम्हाला दुसरं काही नाही तर संयम शिकवला. महावीरने डोकं खाजवलं. तो डोकं खाजवतो तेव्हा आत काही चाललेलं नसतं.

निवाऱ्याचा राखणदार लोटन याला हार काढायला लावला. तो म्हणतो, "म्याडम, लोके इचारी ऱ्हायनात, बाई कव्हय मरनी?" मी म्हटलं, कधी मेली म्हणजे? लोकांना वाचता येतं का?

बाकी सगळं ठरल्याप्रमाणे. संक्रांतीला कौसाबाईंचा पुतण्या हेमकांत त्यांना तापीकाठच्या गावी घरी नेणार. नवरा गेल्यावर ह्याच घरातून त्या निघाल्या आणि बसस्टँडवर राहिल्या. त्याला मी राजी केलं, फोनवर, ओरडून. घरवापसीचा व्हिडिओ, व्हिडिओवर देणग्या, देणग्यांतून पावसाळ्याआधी बायकांची खोली. सध्या बायका पॅसेजमध्ये निजतात.

बुधवार, ८ जानेवारी. दुपार.

फोटोत एक गोष्ट आधी लक्षात आली नव्हती. कौसाबाई कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. माझ्या खांद्यामागे बघतात. फोटो काढताना मागे निवाऱ्याची भिंत होती, कोरी. काल कुकर लावताना दोनदा मागे वळून पाहिलं. मान अवघडली आहे, दुसरं काही नाही.

गॅलरीचं दार आता थंडीमुळे बंद ठेवते.

आज अकराच्या सुमारास दारात बायका. डोक्यावर पदर. मला वाटलं देणगी, लोकसंपर्क म्हणतात तो हाच. सोफ्यावर बसवलं. बसताच त्यांनी सूर लावला. "आम्हले न सांगता गई व माय, कौसाबाई." मला समजेना. मग समजलं. ह्या 'दारावर' आल्या होत्या. इकडे कोणी गेलं की त्याच्या घरच्यांच्या दारी जाऊन बसायची रीत आहे. फ्लेक्सवर 'विनीत' माझं नाव, म्हणून दार माझं.

मी स्पष्ट केलं, बाई जिवंत आहे, निवाऱ्यात शेंगा सोलत बसली आहे. सगळ्यांत म्हातारीने माझा हात धरला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे, पोरी. सुरुवातले आसंच वाटस."

चहा द्यावा लागला. त्या बराच वेळ बसल्या. कौसाबाईंनी हेमकांतला कसं वाढवलं, गावातल्या कितीजणींची बाळंतपणं काढली, भरीत कसं करायच्या. मी विचारलं, त्या बसस्टँडवर होत्या तेव्हा तुमच्यापैकी कोण भेटायला गेलं? एकीने पदर डोळ्यांना लावला. लोकांना मेलेल्या माणसांकडे जायला बरं वाटतं. मी तशी नाही. मी कौसाबाईंना दर मंगळवारी भेटते, ऑफिसच्या वेळात.

बायका गेल्यावर घर फार शांत झालं. उष्ट्या कपबशा लगेच विसळल्या नाहीत.

शुक्रवार, १० जानेवारी.

दिवसभर फोन. अनोळखी नंबर मी उचलत नाही, हा नियम आहे. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर ठरावीक उत्तर लावून ठेवलंय, 'आपल्या भावना पोहोचल्या. आभारी आहे.' आज ते पुन्हा पुन्हा गेलं. प्रतिसाद उत्तम आहे असं समजायला हरकत नाही, देणगी मात्र अजून नाही.

संस्थेचे अध्यक्ष शांतीलालजी यांचा फोन. म्हणाले, "ममताबेन, लोग मुझे भी फोन कर रहे हैं कि तेरवा कब है." मी म्हटलं, अध्यक्षांनी लोकांचं प्रबोधन करावं. ते म्हणाले, फ्लेक्स उतरवा. मी म्हटलं, संक्रांतीला बाई स्वतःच्या पायांनी घरात शिरेल, त्याहून मोठं प्रबोधन कोणतं? ते गप्प झाले. माझ्यापुढे लोक गप्प होतात, कारण मुद्दा असतो.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत. संध्याकाळ, दिवे लावायच्या आत लिहिते.

कौसाबाईंना नवं लुगडं नेसवलं, केसाला तेल लावलं. रिक्षाने गावी गेलो. व्हिडिओसाठी महावीर मागून मोटरसायकलवर. रस्त्यात कौसाबाई बोटांनी पदराचं टोक गुंडाळत होत्या, सोडत होत्या. गाव दिसलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "निंब तोडा वाटस." कुठला कडुनिंब तोडला, मला माहीत नाही.

हेमकांतच्या ओट्यावर माणसं होती. मला वाटलं स्वागताला. हेमकांतने डोकं भादरलेलं होतं. त्याने रिक्षात पाहिलं आणि हातातली कपबशी खाली ठेवली, अगदी हळू. घरातून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तशीच आत गेली.

तो म्हणाला, "मोठमाय, तू ते गई व्हती ना?"

मग माझ्याकडे वळून, "म्याडम, मी तुम्हले मेसेज टाका, कव्हय व्हयनं म्हनीसन. तुम्ही आभार मानात. आम्ही काल गंधमुक्ती उरकी टाकी. गावजेवन दी टाकं."

याचा अर्थ, दिवसकार्य झालं, सुतक फिटलं. मी म्हटलं, एका आगाऊ हारामुळे माणूस मरत नाही. तो म्हणाला, हार कसला, फोटोच तसला होता. मी मुद्दा सोडून दिला, कारण ही जागा कलेवर बोलण्याची नव्हती.

दारातून आतली भिंत दिसत होती. भिंतीवर माझा फोटो. म्हणजे मी काढलेला. फ्लेक्सवरून मोबाइलवर उचलून, फ्रेम करून, चंदनाचा हार घालून. कौसाबाई ओट्याच्या पायरीशी, कौसाबाई भिंतीवर, आणि भिंतीवरच्या कौसाबाई माझ्या खांद्यामागे बघत होत्या. मागे कौसाबाईच उभ्या होत्या. मी ओट्याच्या कडेला टेकले. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

कौसाबाईंनी फोटोकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "चाला, फोटूले ते जागा भेटनी."

एक म्हातारबा पुढे आले. म्हणाले, दिवस घातलेली बाई उंबरा ओलांडू शकत नाही. उपाय आहे, तिला पाळण्यात घालून पुन्हा नाव ठेवावं लागेल, बारसं, मग घरात. हेमकांत खाली बघून म्हणाला, म्हातारबा म्हणतील तसं. त्याला उशीर झालेला चालणार होता, हे त्याच्या आवाजात होतं.

मला मात्र कल्पना लगेच दिसली. जाहीर बारसं. पाळणा, गावातल्या बायका, शहाद्यातले व्यापारी, देणगीची पेटी. अशी घरवापसी राज्यात झाली नसेल. मी तिथेच मोठ्याने सांगितलं.

कौसाबाई म्हणाल्या, "मी मरनू बी नही, नी आते पाळनामा बी बठाव नही." आणि रिक्षात जाऊन बसल्या.

परत येताना त्यांनी विचारलं, "तुन्हा घरमा कितल्या खोल्या शेतस?" मी सांगितलं, माडी बंद असते, धूळ आहे, जिन्याचा बल्ब गेला आहे. शिवाय प्रमुखाने लाभार्थीला घरी नेऊ नये, व्यावसायिक अंतर असतं. आज एकीला नेलं तर उद्या सगळ्या येतील. हे मी नीट समजावून सांगितलं, प्रकाशा गावापासून शहाद्यापर्यंत. त्यांनी मान हलवली. निवाऱ्यापाशी उतरून माझ्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. ओट्यावरून कधी उचलला, देव जाणे.

व्हिडिओ महावीरने काढलाच नाही. म्हणतो, हात उचलला नाही.

बुधवार, १५ जानेवारी. सकाळ.

कौसाबाई निवाऱ्यात नाहीत. लोटन म्हणतो, चहाच्या वेळेला गेल्या, घोंगडी घडी करून ठेवली. त्याने विचारलं, कोठे चालनी माय? तर म्हणाल्या, "मन्ही गंधमुक्ती व्हई गई, आते माले कोन इचारस."

मी विचारते. संध्याकाळपर्यंत शोधते. शहादं केवढंसं आहे.

शनिवार, १८ जानेवारी.

केवढंसं आहे, पण सहकार्य शून्य. बसस्टँडवरच्या चहावाल्याला फोटो दाखवला. त्याने आधी नमस्कार केला. मी म्हटलं, ही कुठे दिसली का? तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं आपण आजारी माणसाकडे बघतो. म्हणाला, "म्याडम, बठा थोडं. ती ते गई ना. तुम्हीच फ्लेक्स लावा व्हता."

सगळीकडे हेच. मेलेल्या बाईला कोणी शोधत नाही. शोधणाऱ्या बाईला पाणी देतात.

फ्लेक्स उतरवायला सांगितले. माझा निर्णय. शांतीलालजींचा त्यावर ठराव झाला होता, हा योगायोग.

गुरुवार, २३ जानेवारी.

शहाद्यात नवा मूर्खपणा. कौसाबाईंचं भूत दिसतं म्हणे. एका बाईला नळावर दिसलं, हंडा टाकून पळाली. खांडबाऱ्याच्या स्टेशनवर बाकड्यावर बसलेलं दिसलं, कोणीतरी भीतीपोटी पुढ्यात भाकरी ठेवली, भुताने खाल्ली. मी प्रत्येकाला झापलं. सुशिक्षित काळात भुताखेतांच्या गप्पा.

मग प्रत्येकाला विचारलं, कुठे, केव्हा, अंगावर काय होतं, पायात चप्पल होती का.

खांडबाऱ्याला जाऊन आले. बाकडं रिकामं. त्यावर बसून पाहिलं. फार गार आहे.

मंगळवार, २८ जानेवारी.

लोणखेड्याच्या पुढे ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या आहेत, पाचटाच्या झोपड्या. एका कोपीवर छपराला माझा फ्लेक्स. लोणखेड्याच्या कोपऱ्यावरचा उतरवून लोटनने परस्पर देऊन टाकला. संस्थेची मालमत्ता. कौसाबाई आभाळाकडे तोंड करून ताणलेल्या, चार कोपऱ्यांना सुतळी. आज प्रथमच त्या माझ्या मागे बघत नव्हत्या.

परत मागायला आत वाकले. आतली बाई भाकरी थापत होती. म्हणाली, ही आजी परवा येऊन गेली. वर बघून हसली. म्हणाली, पाऊस आला तर मी गळणार नाही. भाकरी खाल्ली, पोराला झोपवलं आणि गेली. कुठे? बाईने उसाकडे हात केला. सगळीकडे ऊसच होता.

फ्लेक्स मागायचं राहून गेलं.

शनिवार, १ फेब्रुवारी.

निधी संकलन व लोकसंपर्क प्रमुख हे पद संस्थेने रद्द केलं. मला काढलेलं नाही, पद रद्द केलंय, फरक आहे. शांतीलालजी म्हणाले, आराम करा. बायकांच्या खोलीचं काय, विचारलं. म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

गेले चार दिवस भूतही कोणाला दिसलेलं नाही. चहावाल्याला विचारलं, नळावरच्या बाईला विचारलं, खांडबाऱ्याला फोन केला. नाही. हे मला मुळीच आवडलेलं नाही. लोक एवढ्या लवकर घाबरायचं सोडतात म्हणजे काय?

गॅलरीचं दार उघडलं. समोर नुसता खांब. उगाच मागे वळून पाहिलं.

रविवार, २ फेब्रुवारी. दुपारी ४ वाजता.

महावीरला बोलावून माडी झाडून घेतली. जिन्यात बल्ब लावला. खोलीत खाट, घोंगडी, तांब्या. हवा खेळती राहावी एवढाच हेतू. महावीरने कोणासाठी असं विचारलं, मी त्याला डोकं खाजवायला सांगितलं.

आता अधिकृतपणे लिहिते.

प्रति, कौसाबाई, मुक्काम माहीत नाही. आपण दिनांक १५ जानेवारी रोजी, कोणतीही पूर्वसूचना न देता, ज्या व्यक्तीने आपल्यासाठी एवढी धावपळ केली तिला न भेटता निघून गेलात. हे वागणं बरं नव्हे. आपण कुठे आहात, जेवता काय, आणि परत केव्हा येणार, या तीन मुद्द्यांवर खुलासा हवा आहे. कोणा नातेवाइकाचं, म्हातारबाचं किंवा संस्थेचं उत्तर चालणार नाही. आपलंच हवं. लिहिता येत नसेल तर कोणाकडून लिहून घ्यावं आणि स्वतः आणून द्यावं. दार उघडं आहे, बेल वाजवायची गरज नाही.

लेखी उत्तर रविवार, दिनांक ९ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.