सातव्या मनोऱ्यातली म्हातारी

४ फेब्रुवारी

ही वही मापांची. पुढून गिऱ्हाइकांची मापं, मागून आजपासून माझं. ठराव: मोजकं लिहायचं आणि नातीचा विषय काढायचा नाही.

नात घर सोडून गेली त्याला चौदा महिने झाले. दुसऱ्या शहरात नोकरी करते. आईला फोन करते, बापाला करते, मला नाही. मला काही फरक पडत नाही.

कारण एवढंसं. मी शिवणकाम करणारी. कॉलर, गळे, बाह्या यांचे कागदी फर्मे कापून ठेवावे लागतात. कागद हवा होता. टेबलावर तिच्या दोन वह्या होत्या, दोन्ही बाजूंनी लिहून भरलेल्या. दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद म्हणजे संपलेला कागद. कापला. अठ्ठावीस फर्मे निघाले, अजून वापरते. ती म्हणाली, आजी, ती माझी गोष्ट होती. मी म्हटलं, डोक्यात असेलच की, परत लिही. यात काय वाईट बोलले? तोंडात टाचण्या होत्या, म्हणून जरा टोचून गेलं असेल.

विषय काढायचा नव्हता. उद्यापासून.

५ फेब्रुवारी, दुपार

सुनेने मोबाइल पुढ्यात धरला. म्हणाली, आई, ती इथे लिहिते. वाचा. नीट वाचा. सुनेच्या बोलण्यात हल्ली 'नीट' फार येतं.

प्रकार असा. सात मनोऱ्यांच्या राज्याची सात पुस्तकं आहेत. एकेक इतकं जाड की उशाला घेतलं तर मान अवघडेल. उडती जहाजं, बोलणारे गरुड, एक राजकन्या. लिहिणाऱ्याने हात झटकले तरी वाचणाऱ्यांचं पोट भरलं नाही. मग वाचणारेच त्याच राज्यातल्या नव्या गोष्टी लिहून मोबाइलवर टाकतात. फॅन फिक्शन म्हणतात. मला चटकन समजलं. कापड दुसऱ्याचं, शिलाई आपली. म्हणजे आल्टरचं काम. त्यात कमीपणा नाही, मी चाळीस वर्षं तेच करते.

माझी शाळा चौथीपर्यंत. बोट ठेवून वाचते. एक चॅप्टर, एक दुपार.

११ फेब्रुवारी

तीन चॅप्टर झाले. गोष्टीपेक्षा गोष्टीखालचं जास्त वाचते. तिथे वाचणारे आपलं मत लिहितात. एक म्हणते, रडवलंस. एक म्हणतो, तुझा चॅप्टर आला की ऑफिसात काम होत नाही. काळा गरुड नावाचा एक जण आहे, तो पानभर लिहितो, याला घरी काही उद्योग नसावा. माझ्या नातीला इतके लोक शहाणी म्हणतात. लोकांचं काय जातं.

आणि ती प्रत्येकाला उत्तर देते. प्रत्येकाला. तासाभरात. मी फोन केला की वाजून वाजून थांबतो. याचा अर्थ, परक्यांना उत्तर मिळतं. तर परकं व्हायचं.

खालच्या मजल्यावरची नर्स कोटाच्या बाह्या आखूड करायला आली होती. तिच्याकडून माझ्या मोबाइलवर खातं काढून घेतलं. नाव काय ठेवू म्हणाली. समोर मशीन होतं, त्यात दोऱ्याची बॉबिन. म्हटलं, ठेव बॉबिन.

१६ फेब्रुवारी

पहिली कमेंट टाकली. लिहिलं: 'गोष्ट ठीक. तिसऱ्या चॅप्टरात राजकन्येचा कोट निळा, पाचव्यात हिरवा. रंग गेला का?' शब्द मोजके, काम चोख.

चाळीस मिनिटांत उत्तर. 'बॉबिन, इतक्या बारकाईने वाचणारे तुम्ही पहिलेच. निळाच आहे. सुधारते. तुम्ही शिवणकाम करता का?'

घाबरले नाही. लिहिलं, नाही, मी बस चालवतो.

डोळ्यात काहीतरी गेलं. खडूची पूड असणार. गिरणीत पीठ उडतं तशी हल्ली उडते.

२ मार्च

आता मी नियमित. सगळे मला बॉबिन दादा म्हणतात. म्हणू देत. बाईने सांगितलं तर कटकट, बाप्याने सांगितलं तर मत. जहाजाच्या शिडाला दुहेरी शिवण हवी, हे मी सांगितलं, तिने घातली. काळा गरुड म्हणाला, बॉबिन दादांची नजर पक्की. आयुष्यात शिवलेल्या एवढ्या कपड्यांना असं कुणी म्हटलं नाही. घट्ट होतंय एवढंच म्हणतात.

सुनेने विचारलं, आई, वाचलं का? मी म्हटलं, वेळ कुणाला आहे.

९ मार्च

नव्या चॅप्टरात एक म्हातारी आली. सातव्या मनोऱ्यात राहते. अत्यंत खवट. दातांत काटे धरून बोलते, त्यामुळे तिचा प्रत्येक शब्द ऐकणाऱ्याला टोचतो. राजकन्येने तीन वर्षं खपून वाऱ्याचे नकाशे काढले होते. या बयेने त्यांच्या पट्ट्या कापून खिडकीच्या फटींत कोंबल्या. म्हणे, थंडी येत होती, पोर कुडकुडत होती. अगं, मग विचार तरी. तोंड आहे ना?

वाचता वाचता डोकं फिरलं. लिहिलं: 'असल्या बाईला मनोऱ्यावरून खाली ढकला.' संध्याकाळपर्यंत तीनशे चाळीस लाइक. सगळ्यांच्या मनातलं मी एकटी बोलले.

नर्सलाही गोष्टीचा नाद लागलाय. म्हणाली, आजी, ही म्हातारी ओळखीची नाही वाटत? म्हटलं, वाटते तर. हुबेहूब माझी सासू. नर्सने माझ्याकडे बघितलं आणि तिचा कोट घेऊन गेली.

२१ मार्च, सकाळ

बातमी. नातीने आईला विचारलं, छोटी खोली रिकामी आहे का. एप्रिलच्या शेवटी आठ दिवस रजा काढायचा विचार आहे. पक्कं नाही म्हणे.

मी म्हटलं, येऊ दे, घर तिचंही आहे. आवाजात काही आणलं नाही.

हे बॉबिनचं काम. माणसाचं कौतुक झालं की मन मऊ होतं, मऊ झालं की घर आठवतं. साधा हिशेब, पण करायला डोकं लागतं.

ठराव: ती आल्यावर वह्यांचं काही बोलायचं नाही. फक्त 'जेवलीस का' विचारायचं. त्यात सगळं येतं.

छोट्या खोलीतले कापडाचे गठ्ठे माझ्या खाटेखाली आणले. खाट आता डगडगते. कंबरेला बरं असतं म्हणतात.

२९ मार्च

निळं कापड घेतलं. कोट शिवते. कुणासाठी असं नाही, हात मोकळे होते. तिचं माप वहीत पान बारावर आहे, दीड वर्षापूर्वीचं. तेच धरलं. माणूस असं किती बदलतं.

५ एप्रिल

एकोणिसावा चॅप्टर. राजकन्येचं जहाज फाट्यावर येऊन थांबलंय. एक वाट समुद्रापार, एक मागे, सातव्या मनोऱ्याकडे. म्हातारीने खिडकीत दिवा लावलाय. मला तो दिखावा वाटला.

खाली नातीने लिहिलंय: 'तिने परत जावं का? मला खरंच कळत नाहीये. तुम्ही सांगा.'

वाचणाऱ्यांत दोन तट पडलेत. झोपाळू नावाची एक मुलगी म्हणते, म्हातारीने थंडीसाठी केलं होतं, एकदा भेटावं. काळा गरुड म्हणतो, दार तरी वाजवावं. लोक फार भाबडे असतात.

बॉबिनने बोललं पाहिजे.

९ एप्रिल

दोन दुपारी लागल्या. सगळं उतरवून ठेवते, चांगलं जमलंय:

'राजकन्ये, जाऊ नको. नकाशे कापले ते एकवेळ सोडून दे. हात चुकतो. पण त्यानंतर इतके दिवस गेले, म्हातारीने एकदा तरी चुकले म्हटलं का? निरोप धाडला का? दिवा लावायला काय लागतं? काडी. चुकले म्हणायला जिची जीभ वळत नाही ती दार उघडून तरी काय बोलणार? जेवलीस का, एवढंच विचारेल. पाठ फिरव आणि जा.'

नऊशे लाइक. झोपाळूसुद्धा फिरली. म्हणाली, दादा, तुम्ही माझे डोळे उघडलेत.

नातीचं उत्तर या वेळी दुसऱ्या दिवशी आलं. 'बॉबिन, हे तीनदा वाचलं. तुम्ही बरोबर आहात बहुतेक.'

बरोबर आहात. माझ्या नातीने मला. दिवसभर मशीन हलकं चाललं.

१६ एप्रिल

कोट झाला. नुसत्या बाह्यांची दुमड राहिली. ती आली की हातावर लावून घालेन.

सून म्हणाली, आई, कोट सुंदर झालाय, तिला फोन करून सांगा ना. सांगा की तिच्यासाठी शिवलाय. म्हटलं, आल्यावर दिसेलच, डोळे आहेत ना तिला. तोंडात टाचण्या होत्या.

२२ एप्रिल

रजेचं रद्द.

सून म्हणाली, येत नाहीये. कामाचं कारण आहे का विचारलं, तर नाही म्हणाली, ठरवलं नाही यायचं. सून माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, बघतेस काय, मी काय केलं?

ऑफिसात कुणीतरी नाट लावला असणार. शोधून काढलं पाहिजे कोण ते.

२४ एप्रिल, दुपार

शेवटचा चॅप्टर आला.

राजकन्येचं जहाज सातव्या मनोऱ्याजवळून जातं. खिडकीत दिवा आहे. नांगर टाकत नाही. म्हातारी खिडकीशी येते, दातांतले काटे एकेक करून काढते, कठड्यावर ओळीने मांडते. तोवर जहाज ठिपक्याएवढं झालेलं असतं. वाऱ्याने फटींतली एक पट्टी निघून येते. तिच्यावर दोन्ही बाजूंनी लिहिलेलं असतं.

इथे बोट थांबलं. नकाशावर असतं कुठे दोन्ही बाजूंनी लिहिलेलं?

खाली नातीचे चार शब्द: 'मी शेवट वेगळा लिहिला होता. जहाज थांबत होतं, ती वर जाऊन दार वाजवत होती. मग बॉबिनची कमेंट वाचली आणि तो काढून टाकला. त्या कमेंटमुळे माझंही एक ठरलं, गोष्टीबाहेरचं. आभार, बॉबिन.'

सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं टाकली आहेत.

त्याखाली काळा गरुड. 'सातही पुस्तकं मला पाठ आहेत. जहाजं, गरुड, राजकन्या, सगळं तिथलं. ही म्हातारी कुठेच नाही. ती एकटी तुझी आहे, आणि तीच सगळ्यांत खरी वाटली. कुठे सापडली?'

नातीने एका शब्दात उत्तर दिलंय. 'घरी.'

वाचायला बोट लागलं नाही.

२५ एप्रिल

सासू नव्हे. सासूला तिने बघितलेलंही नाही.

२६ एप्रिल

फर्मे खिळ्यावरून काढले. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. जमिनीवर जोडून पाहिले. कॉलरच्या कागदावर 'जहाज' आहे. बाहीवर अर्धी राजकन्या. गळे कापले तिथे भोकं आहेत, तिथलं वाचता येत नाही. ते तुकडे कचऱ्यात गेले.

सून दारात उभी होती. म्हटलं, काय बघतेस, जुने फर्मे लावतेय. ती खाली बसली आणि दोन तुकडे जोडायला लागली. ते जुळत नव्हते. मी सांगितलं नाही.

२८ एप्रिल

बॉबिनने लिहिलं: 'माझं मत चुकलं. म्हातारीला दार उघडू द्यायला हवं होतं.'

लोक हसले. एक म्हणाला, दादा, बस रिव्हर्सला घेतली काय? झोपाळू म्हणाली, आता शेवट बदलू नका हं, तुम्हीच तर समजावलंत.

तिचं उत्तर आलं, अकरा मिनिटांत. 'आता उशीर झाला, बॉबिन. पण वाईट वाटून घेऊ नका. पहिल्यांदा ही गोष्ट लिहिली तेव्हा घरच्या कुणी वाचली नाही. या वेळी कुणीतरी कोटाचा रंगसुद्धा लक्षात ठेवला. तुम्ही होतात म्हणून लिहून झाली.'

लिहायला घेतलं: 'मी आजी.' दोनच शब्द. बराच वेळ बघत बसले. पाठवलं की तिला आजी मिळेल, ठीक. पण येऊ नको म्हणणारी कोण होती तेही कळेल. आणि रंग लक्षात ठेवणारा एक होता, तोही जाईल. तिच्याकडे तो एक तरी असू दे.

पुसलं. लिहिलं: 'पुढची गोष्ट टाका. वाचेन.' खाली बदाम टाकायचा होता, तो कुठे असतो ते नर्सला विचारावं लागेल. राहिलं.

३० एप्रिल

गठ्ठे छोट्या खोलीत परत ठेवले. खाट डगडगत नाही.

नर्सने निळा कोट घालून पाहिला. म्हणाली, आजी, खांद्यात बसत नाही. तुझ्या मापाचा नाहीच तो, म्हटलं. उतरवून घेतला.

फोन लावला. वाजून वाजून थांबला.

टाचण्या डबीत ठेवून काम केलं. दिवसभर कुणी आलं नाही.