भिंगरीचा निळा एप्रन

प्रिय भिंगरे,

तुझा निरोप पोचला. तुझी आई आता काठी टेकत का होईना, स्वयंपाकघरापर्यंत जाते हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. या वयात मोडलेलं खुब्याचं हाड सांधलं म्हणजे नशीबच म्हणायचं. तिला म्हणावं, आता उगाच स्टुलावर चढून डबे काढायला जाऊ नकोस. एक तारखेपासून परत कामावर येऊ का, असं तू विचारलंयस. ते फोनवर दोन शब्दांत सांगता आलं असतं, पण फोनवर मला रडू येतं, मग तू तिकडून 'आजी, आधी पाणी प्या' म्हणतेस आणि मुद्दा राहतो बाजूला. म्हणून पत्र लिहितेय. हे आईला वाचून दाखवू नकोस हं, एकटीच वाच.

आजोबा आहेत तसेच आहेत. जेवतात, झोपतात, दुपारी खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांना 'हं, पुढचे या' म्हणून आत बोलावतात. जन्मभर फोटो स्टुडिओ चालवलेला माणूस, बाकी सगळं विसरला तरी गिऱ्हाईक विसरत नाही. तुझी ती युक्ती अजून चालते बरं का. दाढी करताना ते मान फिरवायचे, तुझा हात झटकायचे, तेव्हा तू एक दिवस त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलंस, 'मान जरा वर, नजर इकडे, आता हलायचं नाही.' आणि हा माणूस पुतळ्यासारखा गप्प बसला! इतक्या वर्षांच्या संसारात मला कधी सुचलं नव्हतं ते. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी तेव्हा मनातल्या मनात म्हटलं होतं. आता सांगायला हरकत नाही. तुझं खरं नाव त्यांच्या लक्षात राहीना आणि तू सारखी घरभर गरगर फिरायचीस म्हणून त्यांनी तुला भिंगरी केलं, त्याचंही मला तेव्हा थोडं लागलं होतं. माझं नाव ते विसरले, पण त्याच्या बदल्यात दुसरं ठेवलं नाही.

तुला ते स्टूल आठवतं का? बाथरूमच्या दाराबाहेरचं? तू त्यांना अंघोळ घालायचीस आणि मी मांडीवर टॉवेल घेऊन बाहेर बसायचे, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसावं तशी. मी आत आले की ते अंग चोरायचे. पहिल्यांदा ते म्हणाले, 'अहो बाई, तुम्ही बाहेर व्हा, इथे पुरुषमाणूस अंघोळ करतोय,' तेव्हा तू फस्सकन हसलीस. मग माझ्याकडे पाहिलंस आणि घाईघाईने नळ मोठा सोडलास. तू काय झाकायला बघत होतीस ते मला कळलं होतं गं. त्यानंतर मी आत येणंच सोडलं. आतून तुमच्या गप्पा ऐकू यायच्या, तू काहीतरी गुणगुणायचीस, ते ताल धरायचे, आणि मी बाहेर टॉवेलची घडी मोडायची आणि पुन्हा घालायची.

तू गेल्यावर काय झालं ते मी तुला फोनवर नीट सांगितलंच नाही. 'सगळं ठीक आहे' म्हणत राहिले. काही ठीक नव्हतं. दुसरी एक मदतनीस आली, हुशार होती बिचारी, पण तिच्या अत्तराचा वास त्यांना सोसेना. त्यांनी तिच्या अंगावर तांब्याभर पाणी फेकलं आणि ती ओल्या कपड्यांनीच घरी गेली. मी हात लावायला गेले तर त्यांनी ओरडून शेजारी गोळा केले. अंगाला वास यायला लागला, मानेच्या घडीत पुरळ उठलं, दाढी वाढली. ज्या माणसाने कधी चुरगळलेला शर्ट घालून दुकानाचं कुलूप काढलं नाही, तो असा! चिरंजीव रोज फोन करून उंटावरून शेळ्या हाकत होते, 'आई, तुला झेपायचं नाही, त्यांना एखाद्या संस्थेत ठेवू या.' त्याचं चुकतं असं नाही. तोही घाबरलाय. पण मी त्याला म्हटलं, आधी तुझे बाबा स्वच्छ होऊ देत, मग बघू. कसे होणार, ते मला तरी कुठे माहीत होतं.

मग एका सकाळी मी निदान त्यांचे पाय तरी धुवावेत म्हणून गेले. कपडे भिजू नयेत म्हणून बाथरूमच्या दारामागे खुंटीला तुझा निळा एप्रन होता तो अंगावर चढवला, केस वर बांधले. दुसरं काही मनात नव्हतं, आईशपथ. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, 'भिंगरे, किती उशीर! कुठे उलथली होतीस?' आणि बनियन काढायला दोन्ही हात आपणहून वर केले. मी तोंड उघडलं होतं सांगायला की अहो, मी आहे, मी! पण ते हात वर करून थांबले होते गं, शाळेला उशीर झालेल्या लेकरासारखे. मी म्हटलं, 'आजोबा, आधी उजवा हात.' स्वतःच्या नवऱ्याला आजोबा! जीभ जड झाली नुसती. त्या दिवशी मी त्यांची पाठ चोळली. खांद्यावरचा तो तीळ किती महिन्यांनी पाहिला असेल कोण जाणे. टाचा बघितल्या, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या, पावडर लावली, सगळं तू करायचीस त्याच क्रमाने. बाहेर बसून माझं तुझ्याकडे कान लावून ऐकणं फुकट गेलं नाही म्हणायचं.

तेव्हापासून मी रोज भिंगरी होते. हसू नकोस, गुडघेदुखीची भिंगरी! तुझं गाणंही म्हणते, बेसूर. एकदा त्यांनी विचारलंसुद्धा, 'भिंगरे, तू अशी सुटलीस कशाने? माहेरी खूप खाल्लंस वाटतं.' एकदा त्यांना उठवताना माझा पाय सरकला आणि आम्ही दोघं ओल्या फरशीवर हळूच बसलो. लागलं नाही कुणालाच. पण उठता येईना, मग तिथेच बसून दोघंही पोट धरून हसलो. किती वर्षांनी हसलो असू बरोबर! लेकाला यातलं काही कळू देऊ नकोस, तो दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन दारात उभा राहील.

पण संध्याकाळी काय व्हायचं ते ऐक. दाढी करून घेताना ते मला बजावायचे, 'नीट कर गं, आज बायको यायची आहे.' मी हौसेने त्यांना नटवायची, भांग पाडायची, धुतलेला शर्ट घालायची. मग स्वयंपाकघरात जाऊन एप्रन काढायची, तोंड धुवायची, केसांवरून कंगवा फिरवायची आणि बायको होऊन चहा घेऊन यायची. लग्नाआधी मला बघायला आले होते ना, तेव्हासुद्धा छातीत एवढी धडधड नव्हती. तर ते माझ्याकडे बघून म्हणायचे, 'अहो बाई, त्या खुर्चीवर बसू नका, माझी बायको येणार आहे.' मी पलंगाच्या कडेला बसायचे आणि आम्ही दोघं त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहायचो. असं काही दिवस केलं. मग मी संध्याकाळी एप्रन काढणंच बंद केलं.

एप्रनमध्ये असले की ते बोलतात. बायकोबद्दल बोलतात. चहा पाण्यासारखा करते म्हणे, आणि चूक तिची असली तरी रुसते तीच. आता हे तोंडावर सांगायची हिंमत आयुष्यात झाली नाही याची! तुला मी कधीतरी सांगितलं असेल, दुकानाच्या काचेत त्यांनी गावभरच्या बायकांचे फोटो लावले, माझा एकही नाही. यावरून मी त्यांना जन्मभर टोमणे मारले. आम्ही कुठले सुंदर, आमच्यावर कशाला फिल्म वाया घालवायची! ते मान खाली घालून लेन्स पुसत बसायचे. परवा पाठीला साबण लावताना मी सहज विचारलं, 'आजोबा, आजींचा फोटो का नाही लावलात कधी?' त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, 'काढले गं पुष्कळ. ती समोर बसली की माझा हातच हलायचा. एक फोटो धड आला नाही.' साबण माझ्या हातातून निसटला. मला ओरडावंसं वाटलं, अरे मेल्या, हे मला सांगायचं होतंस ना! त्या दुसरीला काय सांगतोस? आणि ती दुसरी मीच. ज्या गोष्टीसाठी मी जन्मभर भांडले ती मला मिळाली, आणि मिळाली म्हणून सांगायला तो माणूस नाही.

आणि काल जे झालं त्यामुळे हे पत्र लिहायला बसले. त्यांनी कढत पाण्याच्या नळाला हात घातला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'अहो, थांबा, भाजेल!' अहो म्हणाले मी, आजोबा म्हणायचं विसरले. ते दचकले. मान वळवून दाराकडे बघायला लागले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळख होती भिंगरे, खरी ओळख, मी इतके महिने जिच्यासाठी तळमळले ती. आवाज त्यांनी ओळखला होता. 'ती आली का गं?' म्हणाले. एप्रनची गाठ सोडायला मी मागे हात नेला. तर त्यांनी घाईघाईने टॉवेल ओढला, छातीपर्यंत घेतला आणि माझं मनगट घट्ट धरून म्हणाले, 'तिला आत येऊ देऊ नकोस. तिने मला असं बघायला नको.' काय करायला हवं होतं मी? तूच सांग. मी गाठ तशीच ठेवली. म्हटलं, 'नाही आजोबा, कुणी नाही आलं. हात वर करा बघू.' त्यांनी माझ्याकडे इतक्या विश्वासाने पाहिलं, आणि केले हात वर.

तेव्हा एक तारखेला तू आमच्याकडे येऊ नकोस. रागावू नकोस पोरी, तुझं काम मी बुडवलेलं नाही. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना सकाळ-संध्याकाळ कुणीतरी हवंय, त्यांच्याशी बोलून ठेवलंय, त्या तुझी वाट बघतायत. आपण जिन्यात भेटू, आजोबांना खुर्चीतून उठवताना कंबर कशी सांभाळायची ते मला शिकव. पण आमच्या दारातून आत येऊ नकोस. तू आत आलीस की ते तुला ओळखतील, आणि मी पुन्हा 'अहो बाई' होईन. बायको म्हणून आता मी त्यांना सापडायची नाही, आणि सापडले तर ते लाजेने मरतील, हे मला काल कळून चुकलं. भिंगरी म्हणून मात्र रोज सकाळी सापडते. मला पुन्हा त्या स्टुलावर बसवू नकोस गं. माझे गुडघे साथ देतील तोवर तुझं नाव आणि तुझा एप्रन माझ्याकडे राहू दे, नंतर तुझं तुला परत. पाणी तापलंय, आतून हाका सुरू झाल्यात, 'भिंगरे, किती उशीर!' जाते.

तुझीच,
आजी