न प्यायलेली दारू

५ मे
चिमीचा हात मोडला. मीच मोडला.
काल संध्याकाळी पुतण्याची हळद. डीजे, नाच, मंडळी रंगात. चिमी माझ्या पुढे उभी, पिवळा फ्रॉक घालून. मागे कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. त्यानंतरचं मला नीट... आठवतं ते एकदम तिचं किंचाळणं, माझ्या छातीखालून. तिला पाडून वर आडवा झालो होतो. मी ब्याण्णव किलो, माझी लेक नऊ वर्षांची.
लोकांनी ओढून काढलं. थोरला भाऊ हसत म्हणाला, "फौजीला आज जास्त झाली रं!" सगळे हसले. मीही मान हलवली. बायको, म्हणजे व., पोरीला रिक्षात घालून दवाखान्यात निघालेली. तिलाही तेच सांगितलं. जास्त झाली.
एक घोट घेतला नव्हता.

६ मे
का बोललो खोटं? हळदीत प्यायलेल्याला माफी असते. चार दिवस चेष्टा, मग विसरतात. डोकं फिरलेल्याला नाही. गावाने एकदा वेडा म्हटलं की सरणावर जाईपर्यंत वेडा. आणि मानकोलीच्या गोदामात मी गेटवर सुपरवायझर. कळलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील.
मिलिटरी कॅन्टीनची रम मीच आणून भावांना वाटतो, म्हणून सगळ्यांना पटलं. मी घेत नाही हे व.ला ठाऊक. तिला सांगितलं, रिटायर झाल्यापासून बाहेर घेतो, लपून. पोळी उलटायची राहिली तिची. जळली.

९ मे
व. चिमीला घेऊन माहेरी गेली, दिघाशीला. तिचा बाप दारूनेच गेला. दारातून एवढंच म्हणाली, "माज्या आयनं काडलं ते मी न्हाय काडनार."
घर खायला उठतं. डाव्या कानात शिट्टी चालूच. गुडघा सुजलाय, गेटवर उभं राहवत नाही. खुर्ची मागायची लाज वाटते. फौजी ना आपण!

११ मे
शिंदेचा फोन, साताऱ्याहून. एकाच पलटणीतले आम्ही. खरं काय ते फक्त त्याला सांगितलं. म्हणाला, "मिलिटरी हॉस्पिटलात डोक्याचा डॉक्टर असतो. वर्ष झालं मी जातोय, गोळ्या घेतोय. जा बाबा."
जातो म्हटलं. जाणार नाही. रिटायर होतानाच्या मेडिकलला प्रत्येक रकान्यात 'तक्रार नाही' असं स्वतःच्या हाताने लिहून आलोय. घरी यायची घाई होती तेव्हा. आता कोणत्या तोंडाने जाऊ?
आमच्याच पलटणीतल्या सूरजचं नाव दोघांनीही काढलं नाही. कधीच काढत नाही. तोफेचा गोळा पडून सूरज गेला, तेव्हा तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी आडवा झालो. एकटाच. त्याला खाली ओढलं नाही. हात पुरत होता. ओढलं नाही.
आणि इथे, फटाक्यांना, पोरीला...

१५ मे
मेव्हणा आला होता, संतोष. चहा घेतला नाही. म्हणाला, "भावोजी, वज्रेश्वरीला चला. देवी आयसमोर शपथ घ्या, दारू सोडली म्हनून. बहिनीला दुसऱ्या दिवशी मी आनून सोडतो."
कधी न घेतलेली दारू सोडायची. इतकं सोपं काम फौजेतही कोणी दिलं नव्हतं. हो म्हटलं.

१८ मे
वज्रेश्वरी. आधी कुंडावर गेलो, गरम पाण्यात गुडघ्याला जरा बरं वाटलं. देवळात हातात नारळ घेऊन म्हटलं, आजपासून शिवणार नाही. शपथ मोडणार नाही, तेवढं तरी खरं. पण देवीकडे मान वर करून बघवलं नाही. व. बाजूला उभी, डोळे पुसत होती. तिला वाटलं, सुटलो.
चिमी प्लॅस्टरचा हात पोटाशी धरून आईच्या मागे. प्रसाद द्यायला हात पुढे केला तर मागे सरली.
लाज वाटते स्वतःची. फार वाटते.

१९ मे
आल्या दोघी. व.ने बोंबील तळले. घरात भांड्यांचा आवाज आहे, बरं वाटतं. चिमी बोलत नाही. पण टीव्ही बघायला माझ्याच खाटेवर बसली, पार टोकाला.

२५ मे
संध्याकाळी तिघे मानकोली नाक्यावर उसाचा रस प्यायला गेलो. हट्ट माझाच. शेजारून जाणाऱ्या ट्रकचं टायर फुटलं.
भानावर आलो तेव्हा रसाच्या गाड्याखाली होतो, चिपाडांत पालथा. एकटाच. चिमीला या वेळी हातही लागला नाही. ती आधीच पळाली होती. टायरला घाबरून नाही, मला घाबरून.
व. खाली वाकली. एवढ्या लोकांसमोर माझ्या तोंडाजवळ नाक आणलं. वास घेतला. परत एकदा घेतला. मग तिचा चेहरा उतरला. मी प्यायलेला असतो तर तिला बरं वाटलं असतं.
 घरी आल्यावर तिने चिमीला आत पाठवलं, दार ओढून घेतलं.
"हलदीला पन नव्हती ना?"
"नव्हती."
खाटेच्या कडेला बसली. मग म्हणाली, "मंग आता मी तुमाला काय सोडाया सांगू?"
मी ही वही काढली. ती समोर बसून आहे. मी हे लिहितोय.