तिरकी रेघ, आडवी रेघ आणि बसचं वेळापत्रक

प्रिय आडव्यास,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा आणि वहिनींचा रक्तदाब ही दोन्ही दुखणी आता शहाण्यासारखी वागत असतील, असं धरून चालतो. इकडे माझं ठीक आहे. दात मोजके, झोप मोजकी, आठवणी मात्र सुटल्यासारख्या वाढताहेत. (ही म्हणते, जेवणाला पथ्य आहे तसं यांच्या आठवणींनाही डॉक्टरांनी लावून द्यायला हवं होतं.)

पत्रास कारण असं, की आपल्या जुन्या संगणक विभागाची स्मरणिका निघते आहे. संगणकाला हुकूम देताना आपण पुढं ज्या रेघा आणि अक्षरं लावायचो, त्यांचा इतिहास ग्रंथपालबाईंनी माझ्याकडे मागितला. मी तो आनंदानं लिहिला. पण त्याच स्मरणिकेत कुणीतरी लिहिलंय, की शहराच्या बसचं वेळापत्रक वातानुकूलन सांभाळणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे नष्ट झालं. म्हणजे ज्याला आपण सगळे गारठा म्हणायचो, तो. गुरुवारी स्मरणिका छापायला जाते. चाळीस वर्षं तोंडी असलेला ठपका आता त्या माणसावर छापून बसणार, आणि त्याबद्दल मला तुला काही सांगायचं आहे. पण आधी इतिहास. त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही (शिवाय मला धीर गोळा करायला जरा जागा हवी).

आमच्या खोलीतलं पहिलं यंत्र तुला आठवत असेल. कपाटाएवढं, आणि छातीवर खटक्यांची रांग. काम कोणत्या पद्धतीनं करायचं ते खटके वर-खाली करून सांगायचं. मग कळफलक आले आणि खटके गेले, पण नाव मागं राहिलं. हुकुमाच्या शेवटी तिरकी रेघ मारून एक अक्षर टाकायचं, त्याला आम्ही 'खटका'च म्हणत होतो. तुमच्या खोलीत आलं ते दुसऱ्या घराण्याचं यंत्र. त्याच्याकडे तिरकी रेघ फायलीचा पत्ता लिहिण्यात गुंतलेली, कप्प्यातला कप्पा दाखवायला. म्हणून खटक्याचं काम आडव्या रेघेकडे, आणि तिच्यापुढं बहुतेक एकच अक्षर. त्या छापणाऱ्या टर्मिनलच्या कळा इतक्या जड, की दुसरं अक्षर दाबायला माणूस जेवून यावा लागे. काही हुकूम तर असे हट्टी, की त्यांना रेघच नको. पुढं दोन आडव्या रेघा देऊन अख्खा शब्द लिहायची सोय झाली, तेव्हा तू म्हणाला होतास, आता भाषणंच द्या म्हणावं यंत्राला. आणि टेबलावरचे छोटे संगणक आले, त्यांनी खटक्याला तिरकी रेघ ठेवली आणि पत्त्यासाठी तीच उलटी झुकवली. एकाच घरात दोन जावा पाठीला पाठ लावून बसाव्यात तशा.

मला त्या ओळी शाळेतल्या कवितांसारख्या वाटायच्या. हुकूम म्हणजे पहिला चरण, रेघ म्हणजे यती, आणि पुढचं एकुलतं अक्षर म्हणजे जिथं गुरुजी टेबलावर पट्टी आपटायचे ते. पूर्ण हुकूम मी चालीत म्हणायचो. (तुमच्या खोलीतून भिंतीवर थाप यायची. ती दाद नव्हती, हे मला निवृत्तीच्या सुमारास कळलं.) चहाच्या सुट्टीत आपण रेघेवरून असे भांडायचो की कॅन्टीनवाल्यानं तुझं नाव आडव्या आणि माझं तिरक्या ठेवलं. ते दिवस आठवले की वाटतं, आपण भांडत नव्हतो, एक लांबलचक कविता आलटून पालटून म्हणत होतो.

असो. आता तो बुधवार. तू बहिणीच्या लग्नाला गेला होतास आणि तुझ्या खुर्चीवर चार दिवस मला बसवलं होतं. जाताना तू सांगून गेलास, माझ्या कप्प्यातल्या कच्च्या फायली तेवढ्या पुसून टाक. कच्च्या कोणत्या आणि पक्क्या कोणत्या, ते मला ठाऊक नव्हतं. पण आमच्या यंत्रावर तिरकी रेघ मारून 'सी' लिहिलं की ते प्रत्येक फाईल पुसण्याआधी विचारायचं. मी पुसायचा हुकूम लिहिला, 'सगळ्या' म्हणून तारका काढली, आणि हाताच्या सवयीनं पुढं तिरकी रेघ आणि सी. मग हात बांधून प्रश्नांची वाट पाहत बसलो.

त्यानं काही विचारलं नाही. तुझ्या यंत्राला तो खटका कळलाच नाही. त्याला वाटलं, ही आणखी एक पुसायची फाईल. त्यानं तुझ्या सगळ्या फायली पुसल्या, तीन महिने खपून टंकलेलं दोनशे मार्गांचं वेळापत्रक पुसलं, आणि शेवटी एकच ओळ छापली, की 'सी' नावाची फाईल सापडत नाही. एवढं करून त्याला हळहळ वाटली ती त्याची. टेपवर प्रत निघायची होती शुक्रवारी.

मी तो कागद फाडला आणि खिशात घातला.

त्याच दुपारी गारठ्यानं जाळी धुवायला म्हणून हवेचं यंत्र तासभर थांबवलं होतं. तू परत आलास, कप्पा रिकामा, आणि कुणीतरी म्हणालं की खोली तापली असणार. तू सगळ्यांदेखत त्याला म्हणालास, "गारवा सांभाळायला ठेवलंय तुला, तेवढंही जमत नाही?" तो हातातली ओली जाळी तशीच धरून म्हणाला, "साहेब, खोली गारच होती." मी तुझ्या शेजारी उभा होतो. तो कागद तेव्हाही माझ्या खिशात होता. महिन्याभरात त्याची पंपघरात बदली झाली.

रागाव, शिव्या दे, माझी हरकत नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
तिरक्या

ता. क. सोबत दुरुस्तीची चिठ्ठी जोडली आहे. वेळापत्रक तुझं होतं, म्हणून तुझी सही हवी. बुधवारपर्यंत पाठव.

ता. क. २. खरं सांगायचं तर सहीची गरज नाही. माझ्या नावानिशी दुरुस्ती मी काल बाईंना देऊन आलो आणि त्यांनी ती ओळ माझ्यासमोर खोडली. गारठ्याकडेही जाऊन आलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आडव्यासाहेबांना माहीत आहे का?" मी नाही म्हणालो. हे पत्र त्यासाठी आहे. त्याचा फोन नंबर मागच्या पानावर लिहिलाय. अठरा वर्षं पंपांशेजारी काढल्यानं त्याला कमी ऐकू येतं, तेव्हा जरा मोठ्यानं बोल. त्या दिवशी बोलला होतास, तेवढ्या मोठ्यानं पुरे.