खिरीची वाटी

मांजरी, पुणे

प्रिय शर्मिला,

लगेच फाडू नकोस. मेसेज तीनदा टाइप करून डिलीट केला, म्हणून कागद घेतलाय. नववीत शाळा सोडल्यापासून पेन धरलं नव्हतं, अक्षर सांभाळून घे.

मला अभ्यास जमत नव्हता असं सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे मला डब्याच्या सुट्टीची भीती वाटायची. सहावीत शेंगदाणा घशात अडकला होता ना, तेव्हापासून घास तोंडात गेला की वाटतं, आता श्वास बंद होणार. उसाच्या रस्त्याने घरी जाताना डबा कुत्र्यांना घालायचे. घरी वरणाचं पाणी आणि चहात पार लगदा केलेलं बिस्कीट, बस. आई म्हणते नखरे. बाबा म्हणतात, "एक ठेवून दिली की खाईल."

आठवीची परीक्षा झाल्यावर बुद्धपौर्णिमेला तुमच्याकडे आले होते. काकूंनी खिरीची पहिली वाटी मला दिली. वर काजू, मनुका. तू म्हणालीस, "लाजतेस काय, हाण की!" सगळे बघत होते. खायची भीती वाटते हे सांगायची इतकी लाज वाटली की मी म्हणाले, "आमच्या घरी चालत नाही."

शमे, जात बघून लोक असंच म्हणतात, हे मला माहीत होतं. बोलायच्या आधीच माहीत होतं. असं म्हटलं की कोणी आग्रह करणार नाही, म्हणून म्हणाले. काकूंनी वाटी उचलली. जूनमध्ये तू बाक बदललास. बरोबर केलंस.

गेल्या मंगळवारी मी चक्कर येऊन पडले. आईने सरकारी दवाखान्यात नेलं तर ड्यूटीवर काकू. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, युनिफॉर्मच्या खिशातून बिस्किटाचा पुडा काढला आणि थांबल्या. "अगं हो, तुला आमचं चालत नाही ना," म्हणाल्या. पुडा परत खिशात. रागाने नाही गं, मला जपून. आणि बिस्कीट तर मी खाते.

डॉक्टर म्हणाले, हा मनाचा आजार आहे, बरा होतो. पण 'चालत नाही' हे वाक्य आजारात धरू नकोस, ते माझं होतं. काकूंना हे वाचून दाखव, समोर माझी वाचा जाते. रविवारी ड्यूटी सुटायच्या वेळेला मी गेटपाशी येणार आहे, तो पुडा मागायला. नाही दिला तरी उभी राहीन.

अजून तुझीच (म्हणू ना?),
नम्रता